लिस्बनची पुनर्बांधणी : भिंतीच्या आतील पिंजरा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी विद्वान प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी आणि विधिज्ञांनी आपले विचार मांडले. मी वाणिज्य शाखेचा एक साधा पदवीधर. उभे आयुष्य कापडाच्या दुकानात, गादीवर बसून गेले. त्यामुळे माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. इतिहासातील एका मोठ्या घटनेकडे एका व्यापाऱ्याने कसे पाहिले, एवढेच मी आज सांगणार आहे. शेवटी एक विनंतीही करणार आहे. तिच्यासाठीच मी हा विषय निवडला, हे आरंभीच प्रांजळपणे सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझा धाकटा मुलगा तयार कपड्यांच्या व्यवसायानिमित्त पोर्तुगालला जाणार होता. त्याच्या आग्रहास्तव मीही गेलो. राजधानी लिस्बनच्या जुन्या बाजारपेठेत आम्ही फिरत होतो. या भागाला तेथे ‘बायशा’, म्हणजे सखल भाग, असे म्हणतात. एका रस्त्याच्या पाटीवर ‘रुआ दोस फांकेइरोस’ असे नाव होते. मुलाने चौकशी करून अर्थ सांगितला, ‘कापड-व्यापाऱ्यांचा रस्ता’. परमुलखात आपल्याच पेशाचे नाव पाटीवर वाचून मला किती आनंद झाला, ते सांगता येत नाही! जवळच चर्मकारांचा रस्ता, खोगीर-लगाम करणाऱ्यांचा रस्ता, मुलामा देणाऱ्यांचा रस्ता, सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता. आपल्याकडील कापड पेठ, सराफ कट्टा, तांबट आळी यांचीच आठवण व्हावी. फरक एवढाच की, हे सर्व रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि घरे एकसारखी. असे का, हे विचारले तेव्हा कळले की, ही संपूर्ण पेठ एका भूकंपानंतर नव्याने वसवलेली आहे.

तो दिवस होता १ नोव्हेंबर १७५५, शनिवार. ख्रिस्ती धर्मीयांचा ‘सर्व संतांचा सण’. सकाळी साडेनऊच्या सुमारास लोक मोठ्या संख्येने प्रार्थनामंदिरांत जमले होते आणि सर्वत्र मेणबत्त्या तेवत होत्या. अशा वेळी धरणी हादरू लागली. लागोपाठ धक्के बसले आणि ते काही मिनिटे चालले. भूकंपाचा उगम नैर्ऋत्येला, दूर अटलांटिक महासागराच्या तळाशी होता. त्या काळी मोजमापाची यंत्रे नव्हती, परंतु आजचे अनेक शास्त्रज्ञ त्याची तीव्रता साडेआठ किंवा त्याहून अधिक मानतात. दगडी छते भाविकांच्या मस्तकावर कोसळली. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या शोधात तेजो नदीच्या काठाकडे धावले. थोड्या वेळाने नदीचे पाणी मागे हटले, तळ उघडा पडला आणि मग प्रचंड लाटा काठावर चढून आल्या. त्या सणाच्या मेणबत्त्यांनी आणि घरोघरीच्या चुलींनी जागोजाग पेट घेतला. ही आग पाच-सहा दिवस धुमसत होती.

शहराची वस्ती सुमारे दोन लाख. मृतांच्या आकड्याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. अनेक अंदाज तीस ते चाळीस हजारांच्या दरम्यानचे आहेत. नदीकाठचा राजवाडा गेला आणि त्यातील सुमारे सत्तर हजार ग्रंथांचा संग्रह गेला. त्याच वर्षी वसंत ऋतूत उघडलेले भव्य संगीतनाट्यगृह सात-आठ महिन्यांतच खाक झाले. सर्वांत मोठे रुग्णालय जळाले. हिंदुस्थानशी होणाऱ्या व्यापाराचा कारभार जेथून चाले, ती ‘कासा दा इंडिया’ ही कचेरीही तिच्या दप्तरांसह गेली. गोवा, दमण, दीव यांचा कारभार याच लिस्बनमधून चालत असे आणि आपल्या देशात विणलेले सुती कापड याच बंदरात उतरत असे. तेव्हा त्या वखारींत जे जळाले, त्यात आपल्या विणकरांच्या हातचेही काही असणार, हा विचार त्या रस्त्यावर उभा असताना माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

राजा पहिला जोसेफ कुटुंबासह शहराबाहेर बेलें येथे असल्यामुळे बचावला. परंतु त्याने भिंतींची अशी धास्ती घेतली की, पुढे तो टेकडीवर लाकूड आणि कापडाच्या तात्पुरत्या महालात राहू लागला. १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो दगडी वाड्यात राहिला नाही. साम्राज्याचा धनी तंबूत! लक्ष्मीच्या चंचलतेविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. येथे ते प्रत्यक्ष घडले.

आता माझ्या विषयाच्या मुख्य भागाकडे वळतो. शहर पडते कसे, हे सर्वांना दिसते. ते उभे कसे राहते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

राजाच्या मंत्रिमंडळात सेबास्तियाओ जुझे द कार्वाल्यो नावाचा मंत्री होता. पुढे त्याला ‘पोंबालचा मार्क्विस’ ही पदवी मिळाली आणि इतिहास त्याला पोंबाल याच नावाने ओळखतो. आता काय करावे, असे राजाने विचारताच ‘मृतांना मूठमाती द्या आणि जिवंतांना अन्न द्या’ असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. ते शब्द दुसऱ्याच कोणाचे असल्याचेही मानले जाते. शब्द कोणाचेही असोत, कृती मात्र त्या क्रमाने झाली. रोगराई पसरू नये म्हणून धर्मगुरूंची संमती घेऊन असंख्य मृतदेह नावांतून नेऊन समुद्रात सोडण्यात आले. धान्याची व्यवस्था झाली. आणि व्यापारी बंधूंनो, पुढची गोष्ट आपण नीट ऐकावी. खाद्यवस्तूंचे भाव भूकंपाच्या आदल्या महिन्यात जे होते, त्याहून वाढवण्यास बंदी करण्यात आली. जागांची भाडी वाढवण्यासही मनाई झाली. टंचाईच्या काळात भाव चढतात, हे अर्थशास्त्र आपल्याला शिकवावे लागत नाही. परंतु ज्याचे घर पडले आहे, त्याच्या गरजेवर नफा काढणे हा व्यापार नव्हे, असे त्या राज्याने ठरवले आणि ते अमलात आणले.

पुनर्बांधणीचे काम राज्याचा मुख्य अभियंता मानुएल द माया याच्याकडे आले. त्याचा जन्म १६७७ मधील. म्हणजे भूकंपाच्या वेळी तो ७८ वर्षांचा होता! आपल्यापैकी अनेक जण साठीतच ‘आता आमचे काय राहिले’ असे म्हणू लागतो, म्हणून मुद्दाम वय सांगितले. शहराला पाणी आणणारा जो प्रचंड दगडी जलसेतू या भूकंपात उभा राहिला, त्याच्या बांधणीतही त्याचा वाटा होता. तोच राज्याच्या दप्तरखान्याचाही प्रमुख होता. दप्तरखान्याचा बुरूज कोसळल्यावर त्याने ढिगाऱ्यातून कागदपत्रे काढून सुरक्षित ठेवली. त्यामुळे राज्याची शतकांची स्मृती वाचली.

महिनाभरातच, ४ डिसेंबर १७५५ रोजी, त्याने आपल्या अहवालाचा पहिला भाग सादर केला. त्यात पर्याय मांडले होते. शहर जसे होते तसेच पुन्हा बांधावे. किंवा रस्ते तेवढे रुंद करावेत. किंवा रस्ते रुंद करून घरांची उंचीही कमी करावी. किंवा सखल भाग पूर्ण सपाट करून नवी आखणी करावी. किंवा हे शहर सोडून बेलेंच्या बाजूला नवे वसवावे. प्रत्येकाचे गुणदोष त्याने लिहिले होते. राजाने चौथा पर्याय स्वीकारला. एउजेनिओ दोस सांतोस आणि कार्लोस मार्डेल या स्थापत्यज्ञांनी त्याचे आराखडे पूर्णत्वास नेले.

परंतु जागा सपाट करायची म्हणजे प्रत्येकाची हद्द पुसली जाणार. म्हणून त्याआधी कोणाची किती जागा होती, याची मोजणी आणि नोंद करून घेण्यात आली. योजना ठरेपर्यंत मनाला येईल तेथे बांधकाम करण्यास बंदी होती. मग १२ मे १७५८ च्या कायद्याने मालकांचे हक्क आणि कर्तव्ये निश्चित झाली. नव्या आखणीत ज्याची जागा बदलली, त्याला मोबदल्याची तरतूद झाली आणि ठरलेल्या मुदतीत बांधण्याचे बंधन आले. ज्याला ते झेपणार नाही, त्याने ती जागा बांधू शकणाऱ्याला द्यावी, असा नियम होता. भाऊबंदकीत एका बोळासाठी वीस-वीस वर्षे कोर्टात जाणाऱ्या आपल्या समाजाने या गोष्टीचा विचार करावा, असे मला नम्रपणे वाटते.

आता घरांविषयी. लिस्बनच्या एका बँकेच्या तळघरात उत्खनन करून जुने अवशेष जतन केले आहेत. तेथे खाली वाकून पाहिले, तर जमिनीत ठोकलेले पाइन वृक्षाचे सोट दिसतात. बायशाची जमीन नदीच्या गाळाची, पाणथळ. म्हणून असंख्य सोट ठोकून त्यांवर पाया घातला. लाकूड सतत पाण्याखाली राहिले तर कुजत नाही. पाणी खाली गेले आणि हवा लागली की कुजते. त्या पायावर दगडी तळमजला आणि वरच्या मजल्यांत लाकडी चौकट. उभे खांब, आडव्या तुळया आणि त्यांच्यात फुलीच्या आकाराचे तिरपे दांडे. मधल्या पोकळ्या दगड-विटा व चुन्याने भरल्या आणि वरून गिलावा केला. पोर्तुगीज भाषेत या चौकटीला ‘गायोला’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. धरणी हलली तर दगड ताठ राहून फुटतो. लाकूड मात्र थोडे वाकते, हादरा पचवते आणि पुन्हा जागेवर येते. या पिंजऱ्याचा नमुना मोकळ्या जागी उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले आणि अशी कंपनाची परीक्षा घेतली, असे तेथे सांगतात. दोन घरांमधील भिंत छपराच्या वर नेली, की एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये. दारे, खिडक्या, लोखंडी कठडे ठरावीक मापाचे केले, की काम लवकर व्हावे. घराच्या बाहेरून मिरवण्याला वावच ठेवला नाही. श्रीमंताचे आणि मध्यमाचे घर दर्शनी बाजूने जवळजवळ सारखेच. जो खर्च झाला, तो भिंतीच्या आत, कोणालाही न दिसणाऱ्या पिंजऱ्यात झाला.

पैसा कोठून आला? एक मोठा वाटा ब्राझीलच्या खाणींतील सोन्याचा, आणि ते सोने गुलामांच्या श्रमातून निघत होते. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या व्यासपीठावर ही गोष्ट लपवून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. दुसरा वाटा व्यापाऱ्यांचा. ज्यांच्या वखारी जळाल्या होत्या, त्या लिस्बनच्या व्यापाऱ्यांनी आयात मालावर चार टक्के जादा रक्कम देण्याची तयारी दर्शवली. त्या निधीवर नवी जकातकचेरी व इतर इमारती उभ्या राहिल्या. नदीकाठी जेथे राजवाडा होता, तेथे राजवाडा पुन्हा बांधलाच नाही. ‘राजवाड्याचे प्रांगण’ हे त्या जागेचे जुने नाव बदलून अधिकृतरीत्या ‘व्यापाराचा चौक’ असे झाले. १७६० मध्ये नव्या रस्त्यांची नावे आणि कोणत्या रस्त्यावर कोणता धंदा चालावा, हेही राजाज्ञेने ठरले. आणि १७५९ मध्ये, शहराचा बराच भाग ढिगाऱ्यातच असताना, व्यापारी मंडळाच्या देखरेखीखाली वाणिज्य विद्यालय सुरू झाले. तेथे अंकगणित, वजनमापे, हुंडणावळ आणि दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब शिकवत. सरकारी आश्रयाखालील जगातल्या पहिल्या वाणिज्य शाळांत त्याची गणना होते. आम्हा बी. कॉम. मंडळींना तो आपला एक पूर्वज म्हणता येईल!

या भूकंपाने युरोपच्या विचारविश्वालाही धक्का दिला. हा पापाचा दंड आहे, निवारे बांधण्यापेक्षा पश्चात्ताप करा, असे गाब्रिएल मालाग्रिदा या धर्मगुरूने पुस्तिका लिहून सांगितले. इकडे पोंबालने गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, किती धक्के बसले, समुद्र आधी चढला की ओसरला, जमिनीला भेगा पडल्या का, किती माणसे गेली. ही उत्तरे आजही जपून ठेवलेली आहेत आणि भूकंपशास्त्राच्या आरंभाच्या पाऊलखुणांत त्यांची गणना होते. आपल्या दर्शनात दंड देणारा जगत्कर्ता मानलेला नाही. परंतु आपणही कधी कधी दुसऱ्याचे दुःख पाहून ‘ज्याचे त्याचे कर्म’ असे म्हणून मोकळे होतो. कर्मसिद्धांत हा स्वतःकडे पाहण्याचा आरसा आहे. दुसऱ्याच्या पडलेल्या घराकडे बोट दाखवण्यासाठी तो सांगितलेला नाही, अशी माझी अल्पबुद्धी समजूत आहे.

पोंबाल आदर्श पुरुष होता, असे मात्र कोणी समजू नये. लूट थांबवण्यासाठी त्याने फाशीचे खांब उभारले. विरोधकांना त्याने निर्दयपणे चिरडले. मालाग्रिदाला १७६१ मध्ये धर्मन्यायालयाच्या शिक्षेने प्राण गमवावे लागले. राजाच्या मृत्यूनंतर १७७७ मध्ये पोंबालची सत्ता गेली आणि चौकातील राजाच्या अश्वारूढ पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसवलेली त्याची प्रतिमाही काढून टाकण्यात आली. ती १८३३ मध्ये पुन्हा बसली. पाटी लावता येते, तशी काढताही येते!

त्याच्या सत्तेची मर्यादा आपल्या शेजारच्या गोव्यातच दिसते. रोगराईमुळे ओस पडत चाललेले जुने गोवे पुन्हा वसवावे, असा हुकूम त्याने १७७४ च्या सुमारास पाठवला. प्रयत्न झाले, पण शहर काही वसले नाही. हवा रोगट होती आणि लोकांची पावले पणजीकडे वळली होती. लिस्बनमध्ये परत येऊन दुकान मांडण्याची व्यापाऱ्याला, कारागिराला इच्छा होती. जुन्या गोव्यात ती नव्हती. हुकुमाने रस्ता आखता येतो, वस्ती आणता येत नाही.

आता मी थोडे स्वतःविषयी बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या बाजारपेठेतून चादरी, सतरंज्या आणि लुगडी घेऊन गेलेल्या टेम्पोत मी होतो. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कशा पडल्या, ते मी पाहिले. परत येऊन कित्येक रात्री झोप लागली नाही. आणि तरीही, पुढच्याच वर्षी दिवाळीच्या हंगामासाठी दुकान मोठे दिसावे म्हणून मी दुकान व मागील गोदाम यांतील भिंत काढली. मिस्त्री म्हणाला होता, “शेठ, वरचा भार हिच्यावर आहे.” मी म्हणालो, “गर्डर टाक आणि काम उरक.” वर माझीच मुले झोपत होती.

लिस्बनमध्ये आम्हाला माहिती देणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, तेव्हा ती भिंत माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बायशातील अनेक घरांत पुढच्या पिढ्यांनी दुकाने प्रशस्त व्हावीत म्हणून तळमजल्याच्या भिंती आणि खांब काढले, वरच्या मजल्यांतील पिंजऱ्याचे दांडे कापले, वर मजले चढवले. ज्यांच्यासाठी तो पिंजरा बांधला, त्यांनीच तो पोखरला. आज त्या शहरातील अभियंत्यांना याचीच चिंता आहे. मी त्या कापड-व्यापाऱ्यांच्या रस्त्यावर मान खाली घालून उभा राहिलो.

परत आल्यावर अभियंत्याला बोलावले. त्याने तपासणी करून खांब द्यायला सांगितले. दीड महिना दुकान बंद ठेवावे लागले. पूर्वी भिंत काढून जेवढी जागा मिळवली होती, त्यातली बरीच परत गेली. गिऱ्हाइकाला आज त्यातले काहीच दिसत नाही. रात्री मला झोप मात्र शांत लागते.

म्हणून माझी विनंती. आपल्या धर्मशाळेच्या तळमजल्यावरील गाळ्यांमधील भिंती काढून सभागृह करावे आणि वर आणखी एक मजला चढवावा, असा प्रस्ताव सुवर्णमहोत्सवानिमित्त पुढे आला आहे. गेल्या वर्षीच्या सभेत त्याला अनुमोदन देणाऱ्यांत मीही होतो. आज मी ते अनुमोदन मागे घेतो. आधी तज्ज्ञांकडून इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट व्हावे. पायाची आणि खांबांची दुरुस्ती निघाली, तर महोत्सवाच्या निधीतील पहिली रक्कम तिकडे जावी. मजला त्यानंतर. चातुर्मासात त्या छताखाली साधू-साध्वी, परगावचे यात्रेकरू आणि आपली नातवंडे असतात.

या कामावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार नाही, कारण ते काम भिंतीच्या आत असेल. तरीही त्यासाठी पहिली देणगी मी आज, कोठेही नाव न छापण्याच्या अटीवर, कोषाध्यक्षांकडे सुपूर्द केली आहे. ती जाहीर बोलून दाखवण्याचा दोष पत्करतो. दुसरा कोणी पुढे यावा, एवढाच त्यामागील हेतू आहे.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मन-वचन-कायेने क्षमा मागतो. 

जय जिनेंद्र.